अठ्ठावीस दिवसांची मेथी

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुष्काळी पट्ट्यातली पहिली ते सातवीची शाळा, पट 62, शाळेमागे अर्धा गुंठा मोकळी जागा. गेल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेसाठी परसबाग केली, रोपं विकत आणून लावली, पाहणी झाली, फोटो निघाले आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळं वाळून गेलं. आता स्पर्धा बाजूला ठेवून मुलांना शेती, अन्न आणि परिसर खरोखर शिकवावा असं तुम्हाला वाटतंय. पण पाणी नाही, शेळ्या आत येतात आणि जाळीसाठी निधी नाही, पुस्तकातले धडे संपत नाहीत आणि बैठकीत एक पालक उठून म्हणाले, "मातीतून सुटावीत म्हणून पोरं शाळेत घातली, तुम्ही त्यांना परत मातीतच घालताय का?"

मी 31 वर्षं पुणे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं. पहिली बारा वर्षं जुन्नरच्या पश्चिमेला, भातखाचरांच्या आणि हिरड्याच्या मुलखात. पुढची सगळी शिरूरकडे, बाजरी, ज्वारी आणि कांद्याच्या गावांत, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं काय असतं ते मुलांनाही माहीत असतं. त्यामुळे तुमची शाळा मला न बघता दिसतेय.

सुरुवात त्या पालकांपासून करते, कारण त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढचं काहीच उभं राहणार नाही. त्यांचं म्हणणं खोडायला जाऊ नका. ते खरं बोलतायत. शेतीत त्यांनी जे भोगलंय ते आपण पुस्तकातल्या हसऱ्या शेतकऱ्याच्या चित्राने झाकायला गेलो, तर मुलं पहिल्या दिवशीच ओळखतात की बाईंना काही माहीत नाही. "शेतकरी आपला अन्नदाता" हे वाक्य मी वर्गात वापरणं फार लवकर सोडलं. त्याऐवजी कांद्याची पट्टी आणली, म्हणजे माल विकल्यावर मिळणारी हिशेबाची पावती.

सातवीचा वर्ग होता. एका पालकांना विचारून त्यांची बाजार समितीतली पट्टी घेतली, वरचं नाव झाकलं (हे नक्की करा, कुठल्याही मुलाच्या घरचा तोटा वर्गात उघडा पडता कामा नये) आणि आकडे फळ्यावर लिहिले. 32 गोण्या, 16 क्विंटल, भाव क्विंटलला 900. मुलांनी झटकन गुणाकार केला, 14,400. मग हमाली, तोलाई, मोटारभाडं, बारदाना एकेक करून वजा केलं. हाती आले 11,800. मुलांना ती रक्कम मोठी वाटली. मग म्हटलं, घरी जाऊन विचारून या, एवढा कांदा पिकवायला काय काय लागलं? दुसऱ्या दिवशी बियाणं, लागणीची मजुरी, खत, औषध, काढणी, कांद्याची पात कापणाऱ्या बायकांची रोजंदारी असं सगळं गोळा झालं आणि बेरीज तेरा हजारांच्या पुढे गेली. वर्ग शांत. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, यात आईची मजुरी धरलीच नाही."

नफा-तोट्याचं प्रकरण मी त्या वर्षी पुन्हा शिकवलं नाही, गरजच पडली नाही. त्या पालकांना सांगायचं ते एवढंच आहे: मुलाला शेतकरी करण्यासाठी हे चाललेलं नाही. तो पुढे शेती करो, नोकरी करो, दुकान घालो, भाव कुणी ठरवला आणि पैसा कुठे गेला हे त्याला कळलं पाहिजे. तुम्हाला जे शेतात सोसून कळलं, ते त्याला दहाव्या-बाराव्या वर्षी हिशेबाने कळावं. मी हे असंच सांगत आले आणि पालक गप्प बसून ऐकत आलेत.

आता गेल्या वर्षीची बाग. तुमच्यासारखीच चूक मी नोकरीच्या सुरुवातीला केली आहे. रोपं मी निवडली, वाफे गावातल्या दोन माणसांनी काढले, पाटी रंगवली, मुलांनी रांगेत उभं राहून पाणी घातलं. एक मुलगा सुट्टीत मला विचारायला आला, "बाई, तुमच्या झाडांना पाणी घालू का?" तुमच्या झाडांना! चूक कुठे झाली ते त्या एका शब्दात होतं. बाग बाईंची होती, ती बाईंबरोबर सुट्टीवर गेली.

म्हणून अर्धा गुंठा एकदम हाती घेऊ नका. अर्धा गुंठा म्हणजे पन्नास चौरस मीटर, 62 मुलांना आणि चार शिक्षकांना तो पहिल्या वर्षी झेपत नाही. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे दोनच वाफे घ्या. रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी बसलेल्या मुलाचा हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर ती वाफ्यात पाय देतात आणि माती दाबली जाते. धाकट्यांसाठी पाऊण मीटरच ठेवा. वाफ्यात काय लावायचं हे मुलांना ठरवू द्या. तुम्ही फक्त एक अट घाला: शाळा सुरू असताना पेरलं पाहिजे आणि सुट्टी लागायच्या आत खाल्लं पाहिजे. मग मुलं घरी विचारतात, भांडतात, वहीत दिवस मोजतात. मेथी महिन्याच्या आत, मुळा पाच-सहा आठवडे, गवार आणि भेंडीचा पहिला तोडा दीड महिन्याच्या आसपास, टोमॅटोला फार वेळ. जूनमध्ये पेरलेली गवार, भेंडी, चवळी दिवाळीच्या आत आटपते. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे वाफे रिकामेच असायचे, वर पाचट अंथरलेलं आणि खाली कुजणारा पालापाचोळा. उन्हाळ्यात बाग हिरवी दिसावी हा हट्ट दुष्काळी गावात धरूच नये.

आणि मुलांनी ठरवलेलं चुकलं, बी उगवलंच नाही, तर रातोरात दुसरं आणून लावू नका. एका वर्षी पाचवीच्या मुलांनी कोथिंबिरीचे धणे अख्खेच पेरले. रगडले नाहीत, भिजवले नाहीत. शेजारच्या सहावीच्या वाफ्यात कोंब दिसायला लागले तरी यांचा वाफा कोराच. आठवडाभर रोज जाऊन बघायचे. मग एकीची आजी शाळेत येऊन सांगून गेली की धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या आणि रात्रभर भिजत घालायचे. अंकुरणाचा धडा मी त्याआधी तीनदा शिकवला होता. मुलांना तो आजीकडून समजला.

मेथीचं सविस्तर सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते जवळजवळ सगळं त्या एका वाफ्यात आहे.

नोव्हेंबरमध्ये सहावी-सातवीने तीन चौरस मीटरात मेथी पेरली. रोज बारा लिटर पाणी, मोजून. दोन मुलं पाळीने घालायची आणि वहीत लिहायची. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी उपटली, मुळं कापली, काट्यावर तोलली. 2 किलो 150 ग्रॅम भरली. मुलांना वाटलं, केवढी झाली! मग पोषण आहाराचं माप फळ्यावर लिहिलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम. आमचा पट तेव्हा 48, त्यातली 31 लहान आणि 17 मोठी. बेरीज 2 किलो 825 ग्रॅम. म्हणजे अठ्ठावीस दिवस राबून एका दिवसाची भाजीसुद्धा पुरी होत नव्हती. पावणेसातशे ग्रॅम कमी पडली, ती बाजारातून आणली.

स्वयंपाकाच्या ताईंनी मुगाची डाळ घालून भाजी केली, मुलांनी निवडून दिली होती. पंगत बसली आणि दहा मिनिटांत उठली. सहावीतला एक मुलगा रिकाम्या पातेल्यात बघत उभा होता. "बाई, संपली?" एवढंच म्हणाला. त्या दिवशी खरकट्याच्या बादलीत मेथीची एक काडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला हिशेब केला. बारा लिटर गुणिले अठ्ठावीस, 336 लिटर. भागिले 2 किलो 150 ग्रॅम. एका लहान मुलाच्या ताटातल्या 50 ग्रॅम मेथीमागे जवळजवळ आठ लिटर पाणी. हंड्याने पाणी भरणाऱ्या घरातली मुलं आहेत ती, आठ लिटर म्हणजे किती हे त्यांना दाखवावं लागत नाही. अन्न वाया घालवू नये असं मी त्यानंतर कधी भाषणात सांगितलं नाही.

हे मुद्दाम सांगतेय, कारण परसबागेतून शाळेचा भाजीपाला भागेल असं पुष्कळदा बोललं जातं. दोन वाफ्यांत भागत नाही. ते न भागणं हाच धडा आहे, तो लपवू नका. 62 मुलांना रोज सव्वातीन-साडेतीन किलो भाजी लागते, ती गावात कुठून येते, किती लांबून येते, हे मुलांनी आठवडे बाजारात जाऊन विचारू दे. वाफ्याखेरीज बांधावर शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावा. शेवग्याचा पाला वर्षातले बरेच महिने डाळीत पडतो आणि त्याला पाणी फार लागत नाही.

बाहेरच्या खाण्यावर बोलायचं तर उपदेश नको, वजन करा. मधल्या सुट्टीतल्या पाच रुपयांच्या पुड्या आमच्या मुलांनी गोळा केल्या आणि पाठीमागचं वाचलं. एका पुडीत 12 ग्रॅम निघाले. किलोचा भाव काढला तर 416 रुपये. मग मुलं दुकानात शेंगदाण्याचा भाव विचारून आली आणि बराच वेळ आपसात बोलत बसली. मी त्यात पडले नाही.

आता पाणी. तुमच्याकडे वर्षाला 450-500 मिलीमीटर पाऊस पडत असेल. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, हे मुलांना पाठ करून देऊ नका, मोजू द्या. सरळ बाजूंचा, वरखाली सारख्या रुंदीचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी साडेआठला आत पट्टी धरा. हा झाला पर्जन्यमापक. शाळेचं छप्पर मुलांनी टेपने मोजावं. आमचं 12 बाय 6 मीटर, म्हणजे 72 चौरस मीटर होतं. एका रात्री 20 मिलीमीटर पडला तर छपरावरून 1,440 लिटर वाहून गेले. वर्षाचे 500 धरले तर 36,000 लिटर. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर! हा आकडा फळ्यावर आला त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मग हे पाणी जातं कुठं?" पुढचे चार तास त्या एका प्रश्नात गेले. ओढ्यापर्यंत चालत जाऊन आलो. पन्हळ आणि टाकी त्या वर्षी मिळाली नाही, पुढच्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीने केली. ठराव मांडताना मुलांनी काढलेला हिशेबच वाचून दाखवला होता.

रोजच्या पाण्याचं म्हणाल तर 62 मुलं जेवणाआधी आणि नंतर हात धुतात. मुलामागे अर्धा लिटर धरा, दिवसाला 31 लिटर. दोन वाफ्यांना हिवाळ्यात चोवीस लागतात. हात धुण्याच्या जागेखाली छोटी चारी काढून पाणी मातीच्या खड्ड्यात साठवा. ताटं घासल्याचं, साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते अळूला आणि केळीला सोडा. आपल्या आज्यांनी मोरीमागे अळू आणि केळ उगाच लावली नव्हती.

पावसाच्या नोंदी नक्षत्राप्रमाणेही ठेवा. मृगात किती पडला, आर्द्रात किती, हस्तात किती. घरातले आजोबा पाऊस नक्षत्रांवर सांगतात आणि पुस्तक मिलीमीटरमध्ये. दोन्ही रकाने शेजारी आले की मुलं आजोबांशी बोलायला लागतात. हवामान बदल हा शब्द सातवीतल्या मुलाला लांबचा वाटतो. पण तीन वर्षांची वही उघडून "ह्या वर्षी मृग अख्खा कोरडा गेला, गेल्या वर्षी 60 पडला होता" हे तो स्वतः बोलतो. तीन वर्षांवरून हवामानाचा निष्कर्ष निघत नाही हेही त्याला सांगा. म्हणून तर वही पुढच्या वर्गाकडे सोपवायची.

मातीचं आणि किड्यांचं पुस्तकात भरपूर आहे, ते फक्त हातात द्यायचं. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि खिडकीत ठेवायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा काही तासांनी, चिकणमाती दुसऱ्या दिवशीसुद्धा तरंगत असते. शेतातली, ओढ्यातली आणि शाळेच्या मैदानातली अशा तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की मैदानात काही का उगवत नाही ते मुलंच सांगतात. चवळीचं किंवा मुगाचं एखादं रोप फुलावर यायच्या सुमाराला हलक्या हाताने उपटून मुळावरच्या गाठी दाखवा. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली तर ती कामाला लागलेली आहे, हवेतला नायट्रोजन धरतेय. पांढरी-हिरवट असेल तर नाही. पंचवीस मुलं पंचवीस गाठी फोडतात आणि "माझी गुलाबी!" म्हणून ओरडतात.

भुईमुगाचे चार वेल नक्की लावा. पिवळं फूल वर आणि शेंग जमिनीत, हे मुलांनी जन्मापासून पाहिलेलं असतं आणि त्याचं आश्चर्य कधी वाटलेलं नसतं. फूल सुकल्यावर त्याच्या बुडातून आरी निघते आणि खाली वाकून मातीत घुसते. एका फांदीखाली पत्र्याचं झाकण सरकवून ठेवायला मुलांना सांगा, म्हणजे त्या फांदीच्या आऱ्यांना माती सापडणार नाही. काढणीला त्या फांदीला शेंगा नसतात. असं का, हे शोधायला लावा, लगेच सांगू नका. माझ्या एका वर्गाने त्यावर आठवडा काढला.

चवळीवर मावा येणारच. मुलं हात धुऊन मागे लागतात, "बाई, औषध मारू." थांबवा. एक शेंडा सुतळी बांधून नक्की करा, त्यावरचा मावा मोजा, पाच दिवसांनी परत मोजा. मधल्या दिवसांत काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या पिलासारखी दिसणारी बारीक अळी तिथे फिरताना दिसेल. मुलं तिलाच कीड समजून चिरडतात. ती ढालकिड्याची अळी, माव्यावरच जगते. आमच्या एका शेंड्यावर पहिल्या दिवशी 140 च्या आसपास मावा होता, सहाव्या दिवशी वीससुद्धा नव्हता. दरवेळी असं होत नाही. कधी शेंडा जातो, तेही लिहून ठेवायचं. फारच वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क, लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून.

रासायनिक औषध शाळेच्या आवारात आणायचं नाही, पण त्याविषयी शिकवायचं मात्र नक्की. आपली मुलं शनिवार-रविवारी बापाबरोबर फवारणीला पाणी द्यायला जातात, हे आपण बघितलं न बघितलंसं करतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग मुलांना चित्रात काढायला लावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे दोनदा सांगा, कारण हिरव्या रंगाला मुलं चांगलं समजतात. वारा येतो त्या बाजूला तोंड करून फवारायचं नाही, तोंडाने नळी फुंकायची नाही, रिकामी बाटली धुऊन घरात वापरायची नाही. आमच्या गावात एका घरी अशा डब्यात खाण्याचं तेल ठेवलेलं होतं. तिसरीतल्या मुलीने तो त्रिकोण ओळखला आणि आईला सांगितलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी शिकवलेली एवढी एक गोष्ट उपयोगी पडली असती तरी मला चाललं असतं.

जुन्नरकडची एक आठवण सांगते. चौथीत ठाकरवाडीतला एक मुलगा होता. वाचता येत नव्हतं, वर्गात मान खाली. आषाढात मुलांना घेऊन डोंगराच्या पायथ्याला रानभाज्या बघायला गेलो आणि तो पुढे झाला. कुर्डू, टाकळा, भारंगी, करटुली, झाडावर वाढणारा रुखाळू. कुठली कोवळी असतानाच खुडायची, कुठली उकडून पाणी टाकून द्यायची, हे तो सांगत होता आणि बाकीची मुलं त्याच्या मागे. मी एक रोप मुळासकट उपटलं तर त्याने माझा हात धरला. "बाई, शेंडंच घ्यायचं. मूळ उपटलं तर पुढल्या साली काय खायाचं?"

शाळेत आल्यावर त्याने सांगितलेली वाक्यं मी त्याच्याच बोलीत फळ्यावर लिहिली. "भारंगी कडू. पाणी वतून द्यायचं." त्याने ती वाचली. आधी आठवणीने वाचली असतील, नंतर अक्षरांनी. दिवाळीपर्यंत तो पुस्तक वाचायला लागला. त्याला ज्ञान नव्हतं असं नाही, आमच्या फळ्यावर ते कधी आलं नव्हतं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती, शाळाच गुरांमागे कुरणात नेली होती. ती का नेली असेल, ते मला त्या दिवशी समजलं. एक खबरदारी मात्र पाळा: रानातलं काहीही मुलांना शाळेत खाऊ घालू नका, जोवर गावातल्या जाणत्या बाईने ते हातात घेऊन ओळखलेलं नाही.

तुमच्या दुष्काळी गावातही असं ज्ञान आहे. चिवळ, घोळ, पाथरी, तांदुळजा ओळखणाऱ्या आज्या आहेत, राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात बी राखणाऱ्या आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी बियाणं जपण्याच्या कामाबद्दल त्यांना 2020 सालचा पद्मश्री जाहीर झाला. पहिलं बी दुकानातून आणू नका. प्रत्येक मुलाने घरून चिमूटभर आणावं, कुणाकडून आणलं ते पुडीवर लिहावं. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी सारखं उगवत नाही आणि घरच्या चवळीचं उगवतं, हा फरक मग वाफ्यातच दिसतो.

एका गोष्टीवर मी फार कडक होते आणि तुम्हीही व्हा. मातीचं काम शिक्षा म्हणून कधीही द्यायचं नाही. "दंगा केलास, जा, वाफा खुरप" हे एकदा झालं की सगळं संपतं. आणि कोण शेण कालवतं, कोण पाणी भरतं, कोण भाजी निवडतं, कोण नोंदी लिहितं, याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. तुम्ही न बघितलंत तर एका महिन्यात असं दिसेल की निवडणं मुलींकडे गेलंय, नोंदवही वरच्या आळीतल्या मुलाकडे आणि शेण ठरावीक दोघांकडे. गाव जसं वागतं तसं मुलं वागतात. पाळीचा तक्ता भिंतीवर लावा आणि त्यात तुमचंही नाव घाला. मी शेण कालवलं तेव्हा कुजबुज थांबली.

वेळ आठवड्याला दोनदा चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. खुरपं पाचवीपासून पुढे, धाकट्यांना हात आणि काडी पुरते. पालेभाजीला ताजं शेण नको, पूर्ण कुजलेलंच खत. काम झाल्यावर साबणाने हात, नखांसकट. धड्यांची काळजी करू नका. परिसर अभ्यास, मोजमाप, क्षेत्रफळ, सरासरी, पत्रलेखन, मुलाखत हे सगळं वाफ्यावर बसतं. तुम्हाला वेगळा तास काढावा लागणार नाही, उलट दोन-चार वाचतील. वहीत मात्र "आज छान वाटले" असली वाक्यं चालवून घेऊ नका. तारीख, काय केलं, किती, काय दिसलं.

एक भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती खरी आहे, म्हणून सांगते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हातच्या कामातून शिक्षण, आणि त्या कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च बराचसा निघावा अशीही अपेक्षा होती. पहिला भाग मला पूर्ण पटतो. दुसरा मी माझ्या शाळेत कधी येऊ दिला नाही. मुलाच्या श्रमावर शाळेचा खर्च टेकला की किती शिकला यापेक्षा किती पिकवलं हे बघितलं जातं. भाजी विकून वर्गाला खडू आणा असं कुणी सुचवलं, तर नाही म्हणा. पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो आमच्याच तालुक्यात. तिथल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलं शेती-पशुपालनापासून अभियांत्रिकीपर्यंत गावाच्या उपयोगाचं खरं काम करतात. जमलं तर सातवीला एक दिवस तिथे घेऊन जा.

राहिली शेळ्यांची गोष्ट. जाळीसाठी निधी नाही म्हणता, तर जाळी नकोच. बोराटीचं कुंपण करा. तुमच्याकडे बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांना तोटा नसणार. पण ते रचणं सोपं नाही: बुडखे कुठल्या बाजूला, काटे एकात एक कसे अडकवायचे, वर दगड कुठे ठेवायचा. 15 जूनला शाळा उघडली की पहिल्या शनिवारी बैठकीत उठून बोलणाऱ्या त्या पालकांच्या घरी तुम्ही स्वतः जा. त्यांना सांगा, कुंपण कसं घालायचं ते आमच्या सहावी-सातवीला शिकवा, तासाभरासाठी या, मुलं वहीत लिहून घेतील. काटे तोडायला कोयता त्यांचा, हातमोजे शाळेचे, आणि त्या तासाला फळ्यापाशी तुम्ही उभं राहायचं नाही, मुलांत बसायचं.